पाय गेला म्हणजे नेमकं काय गेलं?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आधी तो थोडक्यात मांडते, म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही कळेल. तुमचे मिस्टर ३९ वर्षांचे, सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारे. चार महिन्यांपूर्वी रात्रपाळी संपवून घरी येताना हैदराबाद रोडला टेम्पोची धडक बसली आणि उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. जखम भरली आहे. पण माणूस दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून असतो. जेवण निम्म्यावर आलंय, मित्र आले की झोपेचं सोंग, आणि रात्री नसलेला पाय दुखतो म्हणतात. पुढच्या महिन्यात कृत्रिम पायाचं माप द्यायला जायचंय, तर ‘मला नाही यायचं’ एवढंच उत्तर. मुलगी नववीत, मुलगा आठ वर्षांचा. मिस्टरांचा उजवा बूट तुम्ही माळ्यावर लपवून ठेवलाय, कारण तो दिसला की ते रडतात. आणि शेवटी विचारलंय, ‘यांना समजवायचं कसं?’

मी फिजिओथेरपिस्ट आहे. जुळे सोलापुरात २४ वर्षं प्रॅक्टिस झाली, आणि हात किंवा पाय गेलेले रुग्ण सुरुवातीपासून माझ्याकडे बरेच येतात. मानसोपचारतज्ज्ञ नाही, हे आधीच सांगते. पण या माणसांच्या अंगाला माझा रोज हात लागतो. डॉक्टरांच्या टेबलासमोर जे तोंडातून निघत नाही ते क्रेप बँडेज बांधून घेताना निघतं. माझा अधिकार तेवढाच.

तर पहिली गोष्ट. ‘समजवायचं कसं’ हा प्रश्न जरा बाजूला ठेवू या. पाय गेला हे त्यांच्याइतकं तुमच्या घरात कुणालाच समजलेलं नाही. चार महिने प्रत्येक जण त्यांना समजावतोय. जीव वाचला हेच खूप. हल्ली कृत्रिम पाय लावून लोक पळतात. पोरांकडं बघा. यातलं खोटं काहीच नाही, पण प्रत्येक वाक्याचा त्यांच्या कानापाशी एकच अर्थ होतो: तुझं रडगाणं बंद कर. मग माणूस रडगाणं बंद करतो आणि भिंतीकडे तोंड करतो.

ही चूक मीही केली आहे. प्रॅक्टिसचं तिसरं-चौथं वर्ष असेल. २२ वर्षांचा पोरगा, मांडीतून पाय गेलेला. व्यायामच करेना. मी मोठ्या उत्साहानं म्हटलं, “अरे, तुझा एकच गेलाय. माझ्याकडे दोन्ही पाय नसलेले येतात.” त्यानं शांतपणे विचारलं, “मग मी काय करू मॅडम, त्यांच्यापुढं जाऊन नाचू?” नंतर तीन आठवडे आला नाही. आला तेव्हा त्याचा सांधा आखडला होता, आणि तो मोकळा करायला आम्हा दोघांना पुढचे दोन महिने लागले. दुसऱ्याचं दुःख मोठं दाखवून आपलं लहान होत नाही, हे मला त्या पोरानं शिकवलं.

मोबाईलवर पाठवल्या जाणाऱ्या व्हिडिओंचंही तेच. अरुणिमा सिन्हा यांना २०११ मध्ये धावत्या रेल्वेतून ढकलून दिलं, पाय गेला, आणि २०१३ मध्ये त्या एव्हरेस्टवर पोचल्या. बाई थोरच आहे. पण चौथ्या महिन्यात, ज्याला संडासला जायलाही बायकोच्या खांद्याचा आधार लागतो, त्याला एव्हरेस्ट दाखवलं की त्याची आणखी एक नापास परीक्षा होते. दाखवा, पण दीड-दोन वर्षांनी. तेव्हा तो स्वतःच बघेल.

आता परिस्थितीवर काय अवलंबून असतं ते. साखरेमुळे पाय काळा पडून, सहा-सहा महिने वेदना सोसून मग पाय काढलेला माणूस कधी कधी ऑपरेशननंतर सुटल्यासारखा दिसतो. अपघातातला माणूस कामावरून निघतो दोन पायांवर आणि शुद्धीवर येतो एका पायावर. त्याला निरोप घ्यायलाही वेळ मिळालेला नसतो. गाडी कोण चालवत होतं, चूक कुणाची होती, याचाही फरक पडतो. स्वतःला दोष देणारा गप्प होतो, दुसऱ्याला देणारा चिडतो. घरात पैसा किती दिवस पुरेल, आधीपासून दारू होती का, पाय गुडघ्याखाली गेला की वर, हे सगळं त्यात मिसळतं. म्हणून ‘किती दिवसांत सावरतील’ याचं उत्तर मी कुणालाच देत नाही. दुःखाच्या पाच पायऱ्या असतात असं बरेच जण सांगतील. त्या एलिझाबेथ क्युबलर-रॉस यांनी १९६९ मध्ये मांडल्या होत्या, त्याही मरणाच्या दारातल्या रुग्णांबद्दल. माझ्याकडची माणसं त्या जिन्यानं चढलेली मी पाहिली नाहीत. सोमवारी हसतात, मंगळवारी ताट भिरकावतात.

पण एक गोष्ट मी नव्या रुग्णाच्या बाबतीत पहिल्यांदा शोधते: पायाबरोबर नेमकं काय गेलं?

विडी वळणारी एक बाई माझ्याकडे यायची. घरकुलात राहायची. तिचं काम बसूनच, त्यामुळे सगळे म्हणायचे की हिचं काही अडत नाही, हात शाबूत आहेत. आणि ती तर सुपात पानं घेऊन नुसती बसून राहायची, वळायचीच नाही. बरेच दिवसांनी बँडेज बांधताना बोलली. रोज सकाळी वळलेल्या विड्या द्यायला चार-पाच जणी मिळून कारखान्यावर चालत जायच्या. कुणाची सून कशी, कुणाचा नवरा काय, सगळं त्या वाटेवर. आता तिच्या विड्या मुलगा सायकलवरून नेऊन द्यायचा. तिचा पाय गेला म्हणजे तिची ती अर्ध्या तासाची वाट गेली होती. हे कळल्यावर आम्ही घरच्यांना एवढंच सांगितलं, आठवड्यातून दोनदा हिला रिक्षानं कारखान्यावर सोडा, त्या बायका असतील त्याच वेळेला. सुपातली पानं हलायला लागली.

दुसरा एक गृहस्थ, पन्नाशीचा, दरवर्षी सिद्धेश्वराच्या यात्रेत नंदीध्वजांबरोबर अनवाणी ६८ लिंगांची प्रदक्षिणा करणारा. त्याला नोकरीची चिंता नव्हती, चालण्याची फार हौसही नव्हती. यात्रेत घालायची पांढरी बाराबंदी पेटीत ठेवून दिली होती आणि पेटीला कुलूप. त्याचं दुःख जानेवारीत, यात्रेच्या दिवसांत यायचं. तुमच्या-माझ्या हिशोबात ते कुठंच बसलं नसतं.

तुमच्या मिस्टरांचं काय गेलं असेल? मी फक्त अंदाज करू शकते. माग बंद पडला की सगळ्यांनी ज्याच्या नावानं हाक मारायची तो जॉबर. खडखडाटात नुसत्या आवाजावरून कुठला माग बिघडलाय हे ओळखणारा माणूस. चार महिने त्याला कुणी कशासाठी हाक मारलेली नाही. उलट सगळे विचारतात, ‘काही हवंय का?’ कदाचित तिथं दुखत असेल. कदाचित वेगळंच काही असेल, मुलाला गाडीवर पुढं बसवून नेणं असेल. विचारल्याशिवाय कळणार नाही, आणि समोर बसवून विचारलं तर सांगणार नाहीत. पायाला बँडेज बांधताना, शेंगा सोलताना, हात कामात असताना विचारा: “सगळ्यात जास्त काय आठवतं?” मग गप्प बसा. उत्तर आलं नाही तरी गप्प बसा. आणि रडले तर डोळे पुसायची घाई करू नका. बूट दिसल्यावर रडतात म्हणून तुम्ही घाबरलात, पण बूट बघून रडणारा माणूस मला भिंतीकडे बघणाऱ्या माणसापेक्षा कमी काळजीचा वाटतो.

आता दुखण्याकडे येते, कारण निम्मं ‘मन’ इथंच अडकलेलं असतं. नसलेला पाय दुखतो हे खरं आहे. भास नाही, वेड नाही, ‘बाहेरचं’ काही नाही. पाय काढलेल्या बहुतेकांना त्या पायाची जाणीव राहते, आणि त्यातल्या पुष्कळ जणांना वेदनाही होते. पाय गेला तरी मेंदूतली त्याची जागा तशीच असते आणि तोडलेल्या नसा वर निरोप पाठवत राहतात. अमेरिकेतल्या यादवी युद्धातल्या सैनिकांवर उपचार करणाऱ्या वेअर मिचेल या डॉक्टरांनी १८७१ मध्येच याला ‘फँटम लिंब’ हे नाव दिलं. म्हणजे दीडशे वर्षांपूर्वीही लोक हेच सांगत होते. माझा एक रुग्ण म्हणायचा, “मॅडम, अंगठा खाजलालाय. खाजवू कुटं?” आणि आम्ही दोघं हसायचो. पण त्याच माणसानं आधीचे तीन महिने घरी कुणाला सांगितलं नव्हतं, वेडा म्हणतील म्हणून. तुमच्या मिस्टरांनी तुम्हाला सांगितलं, हा केवढा मोठा विश्वास आहे ते बघा. त्यांना म्हणा, “असं होतं म्हणे सगळ्यांना. आत्ता कुठं दुखतंय, टाचेत की बोटांत?” नसलेल्या पायाचं दुखणं कुणीतरी नीट विचारलं, एवढ्यानंही रात्र जरा सरते.

औषधं आहेत. साधी दुखण्याची गोळी यावर फारशी चालत नाही, नसांच्या दुखण्याची वेगळी असते आणि ती डॉक्टरांनीच मोजून द्यायची. मेडिकलमधून परस्पर आणू नका. चार महिने जो माणूस रात्री झोपलेला नाही तो दिवसा भिंतीकडेच बघणार. आधी झोप येऊ द्या, मग ‘डिप्रेशन’ किती उरतं ते बघू.

घरी करण्यासारखी दोन कामं. एक म्हणजे उरलेल्या पायाला, ज्याला आम्ही स्टंप म्हणतो, स्पर्शाची सवय लावायची. जखम पूर्ण भरली आहे ना, मग रोज दोन-तीनदा पाच-पाच मिनिटं आधी मऊ सुती धोतराच्या फडक्यानं हलकेच चोळायचं, मग जाड कापडानं, मग टॉवेलनं. बोटांनी टपटप करायचं. हे त्यांनी स्वतः करायचं. माझ्याकडे एक यंत्रमाग कामगार यायचा, तो यासाठी मी दिलेला टॉवेल हातात घ्यायचा आणि पहिल्यांदा त्याचा काठ तपासायचा, मग माझ्या खरेदीला नावं ठेवायचा. तुमच्याकडे टॉवेलची निवड त्यांच्यावरच सोपवा.

दुसरं आरशाचं. मूळचे आपल्या तमिळनाडूतले डॉ. व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९९० च्या दशकात हा उपाय पुढं आणला. कपाटाच्या आरशाएवढा उभा आरसा दोन्ही पायांच्या मध्ये लांबीनं धरायचा, काढलेला पाय आरशामागे. डाव्या पायाचं प्रतिबिंब उजव्याच्या जागी दिसतं. मग डावा पाय सावकाश हलवायचा, बोटं मिटायची-उघडायची, आणि आरशात बघत राहायचं. दहा-पंधरा मिनिटं, रोज. काहींची नसलेल्या पायाची, मुठीसारखी आवळलेली बोटं यानं सुटतात. काहींना काहीच होत नाही. काहींना तर पाय ‘परत दिसला’ की भडभडून येतं. तसं झालं तर त्या दिवसापुरता आरसा बाजूला. पहिल्या दोन वेळा फिजिओथेरपिस्टसमोरच करा.

आणि रात्री पलंगाशेजारी कुबड्या हाताशी ठेवा, दिवा लागेल असं बघा. झोपेत मेंदू पाय आहे असंच धरून चालतो. लघवीला उठून सरळ ‘उजवा’ पाय टाकायचा आणि पडायचं, हे माझ्या इतक्या रुग्णांनी केलंय की मी पहिल्याच दिवशी सांगते.

उशीचं विचारलं नाहीत तुम्ही, पण मी पैजेवर सांगते की गुडघ्याखाली उशी दिलेली असणार. ती आज काढा. प्रत्येक घरात मायेनं दिलेली ती उशी असते. चार-सहा आठवडे तसा पाय ठेवला की गुडघा वाकलेलाच राहतो, आणि मग कितीही चांगला कृत्रिम पाय आणला तरी नीट बसत नाही. पाय सरळ ठेवायचा, दिवसातून थोडा वेळ पालथं झोपायचं.

ही उशी मला घरातल्या बाकीच्या गोष्टींतही दिसते. पाणी हातात, ताट हातात, रिमोट हातात. मुलीच्या शाळेची फी, हप्ते, भाडं, सगळं तुम्ही त्यांच्या नकळत भागवताय, त्यांना ताण नको म्हणून. ताई, ताण द्या थोडा. घरातले दोन-तीन निर्णय त्यांच्याकडे परत द्या, आणि खरेच द्या. खोटं काम माणसाला लगेच ओळखू येतं. ‘जरा एवढी मेथी निवडा, वेळ जाईल’ असं म्हणालात तर मेथी तशीच राहील. पण घरचा फॅन आवाज करत असेल, मिक्सर बंद पडला असेल, शिलाई मशीन अडत असेल, तर त्या जॉबरसमोर नेऊन ठेवा आणि निघून जा. दुरुस्त झालं की कौतुक करू नका. पूर्वी करत होतात का? तेवढंच.

आत्तापर्यंतचं एका दमात सांगायचं तर: समजावणं थांबवा, पायाबरोबर काय गेलं ते हळूच काढून घ्या, झोप आणि वेदनेवर इलाज करा, उशी काढा, काम परत द्या. याच क्रमानं व्हायला हवं असं काही नाही, पण वेदना आधी.

बघायला येणाऱ्यांचं काय करायचं? पोटात माया असते, पण सफरचंदाच्या पिशवीबरोबर ‘कुणाचं काय भोग असतात’ हेही घेऊन येतात. तुम्ही उंबऱ्यात उभं राहून ‘आत्ता झोपलेत’ म्हणा, खुशाल म्हणा. कारखान्यातले दोघं-तिघं मात्र आत जाऊ द्या, आणि त्यांना आधी सांगून ठेवा की तब्येत विचारू नका, मागांचं बोला. कुठला माग त्रास देतोय ते विचारा.

मुलांपासून स्टंप लपवू नका. आठ वर्षांच्या मुलाच्या मनातले प्रश्न आपल्याला सुचणार नाहीत असे असतात. एका मुलानं माझ्यासमोर वडिलांना विचारलं होतं, पालीची शेपटी येते तसा पाय परत येणार का? आईनं त्याला दटावलं. वडील मात्र कितीतरी दिवसांनी हसले. ‘नाही येणार, पण रबराचा मिळणार आहे, तो तू आधी बघायचास’ असं उत्तर त्यांनीच दिलं. मुलांना सरळ उत्तर पुरतं. नववीतली मुलगी विचारणार नाही, ती घरकामात गुंतून घेईल आणि शहाणी म्हणून कौतुक होईल. तिच्याकडे लक्ष ठेवा, ती दमतेय.

आणखी एक प्रश्न पुष्कळांच्या मनात असतो आणि घरचे तो टाळतात: ‘माझ्या पायाचं काय केलं?’ दवाखान्यात काढलेला अवयव जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांप्रमाणे पिवळ्या पिशवीत जातो आणि जाळला जातो. काही कुटुंबं मागून घेऊन पुरतातही. एका आजोबांना त्यांच्या भावानं शेताच्या बांधावर जागा दाखवली, तेव्हा ते तिथं थोडा वेळ बसले, तंबाखू मळली आणि म्हणाले, “चला.” तुमच्या मिस्टरांनी विचारलं तर खरं ते सांगा.

तुम्ही अगदी शेवटी, अर्ध्या वाक्यात लिहिलंय की ते बाहेरच्या खोलीत झोपायला लागलेत आणि तुम्हाला जवळ येऊ देत नाहीत. हे अर्धं वाक्य मला सगळ्या प्रश्नापेक्षा मोठं वाटलं. याबद्दल आपल्याकडे कुणी बोलत नाही, दवाखान्यात तर नाहीच. नवऱ्याच्या मनात बहुतेक वेळा एकच भीती असते, हिला किळस येईल. बायकोच्या मनात दुसरी, आपण जवळ गेलो तर याला ती दया वाटेल. दोघंही एकमेकांना जपत लांब राहतात. यावर भाषण नको. बँडेज बांधायला शिकून घ्या. कुठल्याही फिजिओथेरपिस्टकडे अर्ध्या तासात जमतं, तिरके वेढे द्यायचे, खाली घट्ट आणि वर सैल. रात्री स्टंपला खोबरेल लावा. सुरुवातीला ते पाय ओढून घेतील. तुम्ही हात काढू नका, पण जोरही करू नका. शरीरसंबंधाला या ऑपरेशननं काही अडचण येत नाही. फक्त तोल वेगळा सांभाळावा लागतो, आणि ते दोघांनी मिळून शिकण्यासारखं आहे. काही औषधांनी इच्छा कमी होते, तसं वाटलं तर डॉक्टरांना सांगायला लाजू नका.

कृत्रिम पायाकडे ते ‘नाही’ म्हणतात याचं मला आश्चर्य वाटत नाही. माप दिलं म्हणजे पाय गेला यावर सही केली. तुम्ही मात्र त्या पायाला देव करून बसलेल्या दिसताय, एकदा पाय बसला की सगळं पूर्वीसारखं. ते होणार नाही, आणि हे आधी माहीत असलेलं बरं. जयपूर फूट ही फार मोठी गोष्ट आहे. १९६८ च्या सुमारास रामचंद्र शर्मा हे कारागीर आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी तो आपल्याच लोकांसाठी घडवला, अनवाणी चालता यावं, उकिडवं बसता यावं म्हणून. जयपूरची भगवान महावीर विकलांग सहायता समिती १९७५ पासून तो मोफत बसवते. पण कुठलाही पाय असो, पहिले काही आठवडे टोचतो, घासतो, जड वाटतो. गुडघ्याखालचा पाय गेलेल्यालाही चालायला पूर्वीपेक्षा जास्त दम लागतो. स्टंप वर्षभर तरी बारीक होत राहतो, म्हणून पहिलं सॉकेट, म्हणजे कृत्रिम पायाचा स्टंप बसतो तो खोलगट भाग, सैल होतं आणि बदलावं लागतं. त्यात आपलं सोलापूर. एप्रिल-मेमध्ये ४२-४३ डिग्रीत सॉकेटच्या आत घामाचं तळं होतं, पाय सरकतो, कातडी सोलते. दुपारी पाय काढून, पुसून, मोजा बदलून पुन्हा घालायचा. हे माहीत नसलेले लोक मे महिन्यात पाय कोपऱ्यात उभा करतात आणि स्वतःला दोष देत बसतात. पाय बसवल्याच्या पहिल्या दिवशी पुष्कळ जण रडतात. तोपर्यंत मनात कुठंतरी आशा असते की हे तात्पुरतं आहे.

मापाला जाण्याआधी त्यांना एक माणूस भेटवा. गुडघ्याखालीच पाय गेलेला, त्यांच्याच वयाचा, कामावर जाणारा, आणि शक्यतो किरकिर करणारा. थोर माणूस नको. तुमच्या फिजिओथेरपिस्टला किंवा कृत्रिम पाय बनवणाऱ्या केंद्रात विचारा, ते ओळख करून देतात. मी अशी भेट घडवते तेव्हा चहा देऊन बाहेर जाते. दहा मिनिटांनी आतून आवाज येतात: गाडीवर किक कशी मारतोस, बाजूची चाकं लावून घेतलीस का, लायसन्सचं काय केलंस, सासरवाडीला मांडी घालून बसतोस का. माझ्या तीन महिन्यांच्या बोलण्यानं जे होत नाही ते त्या किकनं होतं.

पैशाचं बोलते, कारण ‘मन’ म्हणून जे दिसतं त्याचा बराच भाग बुडालेला पगार असतो. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे नुकसानभरपाईचा दावा अपघातापासून सहा महिन्यांच्या आत करायचा आहे. मुदतीवरून कोर्टात वाद होत राहतात, आपण त्यात पडू नये. तुमचे चार महिने गेलेत, या आठवड्यातच वकील गाठा. कारखान्यात ईएसआय (कामगारांचा सरकारी विमा) कापलं जात असेल तर कामावरून घरी येतानाचा अपघात, वेळ आणि रस्ता जुळला की, कामावरचाच धरला जातो. तेही विचारा. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्डासाठी (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या किमान ४० टक्के दिव्यांगत्वाच्या अटीत ते बसतात. हे कार्ड हातात घेताना ‘दिव्यांग’ शब्दानं काही जण दुखावतात, काहींना तो ‘अपंग’पेक्षा बरा वाटतो. त्यांनी स्वतःला काय म्हणायचं ते त्यांना ठरवू द्या. या कागदांची फाईल त्यांच्याच ताब्यात द्या.

आता जिथं मी थांबते आणि मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवते ती जागा. ‘मी गेलो असतो तर बरं झालं असतं’ हे एकदा रागात म्हणणं वेगळं आणि शांतपणे पुन्हा पुन्हा म्हणणं वेगळं. गोळ्या साठवणं, वस्तू वाटून टाकणं, अचानक दारू वाढणं, आठ-दहा दिवस अंघोळ-जेवण जवळपास बंद, अपघाताचा क्षण डोळ्यांपुढं येऊन घाम फुटणं, हॉर्न ऐकून दचकणं. यातलं काही दिसलं तर वाट बघू नका, आणि त्यांना एकटं सोडू नका. सिव्हिलमध्ये मानसोपचाराचा विभाग आहे. टेलिमानस ही मानसिक आरोग्याची सरकारी फोन सेवा आहे, १४४१६ नंबर, दिवसरात्र, मोफत, मराठीत बोलता येतं. त्यांनी फोन नाही केला तर तुम्ही करा. तुम्ही स्वतःसाठीही करा. चार महिने दोन माणसांचं काम करणारी बाई प्रश्नात स्वतःबद्दल एक ओळ लिहीत नाही, हे मी बघितलंय.

आणि तो बूट माळ्यावरून खाली काढा. धूळ पुसून डाव्याबरोबर ठेवा, त्यांच्या देखत. कृत्रिम पायाचं माप घेताना टाचेची उंची बघावी लागते, त्यासाठी जोडी पूर्ण लागते. माझ्याकडे निम्मे लोक एकच बूट घेऊन येतात आणि परत जातात. मापाला यायचं की नाही ते अजून ठरू दे. येताना दोन्ही लागतात, एवढंच त्यांच्या कानावर घाला.